हात सैल सोडा

रात्री तीन दहाला
मी अंथरुणातूनच धायरीहून निघते.
गॅस बंद केला का, केला, नॉब फिरवून बघितला का,
बघितला, मग वास कसला,
वास नाही, शेजारच्यांची उदबत्ती, पण तीन वाजता कोण,
व्हॅनची फी अठरा तारखेला, आज किती,
आज लागली की कालच चाललीय अजून,
राजाराम पुलावर अडकायला झालं तर म्हात्रे पुलावरून,
पण म्हात्रे पुलावरून सगळेच येतील
कारण सगळेच आत्ता जागे राहून
हेच ठरवत असतील.

टँकरचा पाइप हातातून सुटला
की कसा आपटत फिरतो पार्किंगभर,
ज्याच्या त्याच्या अंगावर पाणी.
तसं डोकं.
आणि टाकी कोरडीच.

दिवसा मी दुसऱ्यांची हृदयं पास करते.
येरवड्यात, सहाव्या मजल्यावर, विम्याचे क्लेम.
आलेख, बिलं, डिस्चार्ज कार्ड.
एका हृदयाला अकरा मिनिटं.
बाराव्याला स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल ठिपका येतो.
तो ठिपका मला डोळे मिटल्यावरही दिसतो,
तिथे तर कोपराही नसतो.

मंगळवारी दांडेकर पुलाजवळ
छातीत काहीतरी आवळलं.
स्कूटर कडेला घेतली.
मागच्यानं हॉर्न दिला, त्याच्या मागच्यानं त्याला.
एक काका थांबून म्हणाले,
"मधोमध उभं राहायची ही कुठली पद्धत?"
मी कडेलाच होते.
तरी सॉरी म्हणाले.

दत्तवाडीतला दवाखाना. फॉर्म.
नाव, वृंदा खिलारे. वय, त्रेचाळीस.
झोप किती तास, या रकान्यात
मी आधी सात लिहिलं,
पास व्हायचं असल्यासारखं.

तांबोळी सिस्टरनी मनगटांना चिमटे लावले,
छातीवर गार जेल.
मशीननं कागद बाहेर काढला, त्यांनी तो फाडून टाकला.
"थरथर येतेय.
हृदयाची नाही हो, हाताची. हात सैल सोडा."
"सोडलाय."
"नाही सोडलेला."
मग त्यांनी माझा हात धरून वर उचलला
आणि दिला सोडून.

तो तिथेच राहिला.
हवेत.
उत्तर येणाऱ्या मुलीनं वर्गात वर केल्यासारखा.
आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.
चार बोटं वाकलेली,
ब्रेकवर असतात तशी.

तिसरा कागद बरा आला.
डॉक्टर म्हणाले, नॉर्मल आहे, ताण कमी करा,
सकाळी तळजाईवर जात जा.
मी लगेच मांडलं: तळजाई साडेपाच,
म्हणजे कणीक रात्रीच, म्हणजे झोप बारा,
आणि एक काम वाढलं.
हा आलेख माझ्या टेबलावर आला असता
तर मीच शेरा मारला असता,
उपचारांची गरज सिद्ध होत नाही.

आज पुन्हा तीन दहा.
अंधारात मी माझा हात उचलते, सोडते.
राहतो.
उचलणारीही मीच, सोडणारीही मीच,
तो तरी कुणाच्या भरवशावर पडेल.

शेजारी लेक झोपलीय, गादीबाहेर एक हात टाकून,
तळवा उघडा,
पेनाची निळी शाई अंगठ्याला.
मी तो हळूच वर उचलला
आणि सोडला.
धप्प.
किती जड होता तो,
किती पूर्ण पडला.
पुन्हा उचलला. धप्प.
तिसऱ्यांदा ती कुशीवर वळत म्हणाली,
"काय गं आई,"
आणि हात पोटाशी घेऊन टाकला.

मी उठून गॅस बघून आले.
बंद होता.
ओट्याशी उभी राहिले थोडा वेळ,
नॉबवरून बोटं काढायची राहून गेली होती.